तुम्ही कुणापैकी?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आग्नेय भागात रॉबसन नावाची काउंटी आहे. आपल्याकडच्या तीनेक तालुक्यांएवढा विस्तार, पाइनची झाडं, पाणथळ जमीन, तंबाखू, मका आणि सोयाबीनची शेतं, आणि मधून संथ वाहणारी काळ्या पाण्याची लंबर नदी. तिथल्या लम्बी जमातीच्या लोकांना नवखा माणूस भेटला की ते आधी एकच गोष्ट विचारतात. त्यांच्या इंग्रजी प्रश्नाचा अर्थ 'तुझी माणसं कोण?' असा होतो. मराठीत त्याला तयार शब्दच आहे: तू कुणापैकी? समोरचा सांगतो, अमक्या चर्चजवळच्या लॉकलियरांपैकी, आई ऑक्सेंडाइनांची. मग कुठली तरी मावशी निघते, कुठलं तरी लग्न निघतं, आणि नवखा माणूस बघता बघता ओळखीचा होतो.

सरकारही त्यांना हाच प्रश्न विचारत आलं, पण वेगळ्या तोंडाने. तुझा वंश कोणता? खाली चौकटी आहेत, त्यातल्या एकीत खूण कर. बरीच वर्षं तर खूण करायचा हक्कही त्यांचा नव्हता. दारात आलेला गणनेचा माणूस चेहरा बघून स्वतःच काय ते लिहून जायचा.

या दोन प्रश्नांमधल्या अंतरात रॉबसनच्या लोकांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. ते अंतर मराठी वाचकाने नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदाच आपल्याकडे सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. मोजणी झालीच पाहिजे, ती टाळणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. पण माणूस कोण आहे हे त्याच्या तोंडून आणि त्याच्या माणसांकडून ऐकून लिहायचं असतं. त्याचं नाक मोजून, केस तपासून किंवा त्याला जमातीचे विधी किती पाठ आहेत हे बघून ते ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो अमेरिकेत झाला तसा आपल्याकडेही होतो.

आधी आकडे बघू. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत रॉबसनची लोकसंख्या १,१६,५३० भरली. दहा वर्षांपूर्वी ती १,३४,१६८ होती. कापडगिरण्या आणि कारखाने बंद पडले, २०१६ आणि २०१८ च्या चक्रीवादळांत लंबर्टन शहर दोनदा पाण्याखाली गेलं, लोक उठून गेले. राहिलेल्यांत सर्वांत मोठा गट मूळनिवासींचा, शंभरात साधारण अडतीस-चाळीस. गोरे पंचवीसच्या आसपास, काळे त्याहून थोडे कमी, आणि दहाएक जण लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतले. ग्रामीण अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकरंगी गोरा प्रदेश येतो. रॉबसनमध्ये कुठलाच गट निम्म्याला पोचत नाही. लेखांतून, अहवालांतून या काउंटीचं वर्णन 'तीन वंशांची' असं होतं आणि सोबत तीन रंगांचं वर्तुळ छापलेलं असतं.

ते वर्तुळ मला खटकतं. रंगांच्या मधल्या रेषा फार स्वच्छ असतात, आणि त्या कुणी, कधी, कशासाठी ओढल्या हे वर्तुळ सांगत नाही.

लम्बी लोकांचे पूर्वज कोण होते यावर शंभर वर्षं वाद झाले. साथी आणि लढायांतून वाचलेली वेगवेगळ्या किनारी जमातींची माणसं या पाणथळ मुलखात आश्रयाला आली, त्यांत चेरॉ नावाच्या जमातीचे लोक होते, आणि पुढे काही गोरी व काही काळी माणसंही त्यांच्यात मिसळली, असं साधारण चित्र दिसतं. ते इंग्रजी बोलत होते, चर्चला जात होते, शेती करत होते. त्यांच्यासाठी कुठली राखीव जमीन नव्हती आणि सरकारशी तहही नव्हता. त्यामुळे सरकारी वहीत त्यांना जागाच नव्हती. अठराव्या शतकाअखेर त्यांची नोंद 'इतर मुक्त लोक' अशी व्हायची, मग 'मुक्त रंगीत', मग कधी 'मुलॅटो', म्हणजे मिश्र रक्ताचे. १८३५ मध्ये राज्याने संविधान बदललं आणि मुक्त रंगीत लोकांचा मताधिकार काढून घेतला. ज्यांचे बाप मतदान करून आले होते त्यांची मुलं मतदार राहिली नाहीत. त्यांच्यात काही बदललं नव्हतं. वहीतल्या एका शब्दाला नवा अर्थ आला होता, एवढंच.

अमेरिकेच्या यादवी युद्धात या लोकांना धरून नेऊन किल्ल्यांच्या बांधकामावर राबवलं गेलं. त्यातून बंड झालं. हेन्री बेरी लाउरी नावाच्या तरुणाचा बाप आणि भाऊ १८६५ मध्ये गोळ्या घालून मारले गेले, आणि पुढची सात वर्षं तो आपल्या टोळीसह त्या पाणथळ जंगलात राहून बड्या जमीनदारांना आणि हल्लेखोरांना पुरून उरला. त्याच्यावर बारा हजार डॉलरचं इनाम होतं. १८७२ मध्ये तो नाहीसा झाला. कुठे गेला हे कुणालाच कळलं नाही. आज त्याला लम्बी लोकांचा नायक मानतात ते योग्यच आहे. पण त्याच्या टोळीत काळे होते, एक स्कॉट वंशाचा गोरा पोरगाही होता. 'तीन वंशांच्या' काउंटीचा सर्वांत मोठा नायक तिन्ही वंशांच्या साथीदारांबरोबर जगला, ही गोष्ट त्या वर्तुळात मावत नाही.

मग शाळांचा प्रश्न आला. राज्याने गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या केल्या. हे लोक दोन्हीकडे जायला तयार नव्हते. १८८५ मध्ये राज्याने त्यांना 'क्रोएटन इंडियन' (इंडियन म्हणजे तिथले मूळनिवासी) असं नाव देऊन तिसऱ्या प्रकारच्या शाळा मंजूर केल्या, आणि १८८७ मध्ये त्यांच्या शिक्षकांसाठी अध्यापक शाळा काढायला वर्षाला ५०० डॉलर दिले. इमारतीचं मात्र तुमचं तुम्ही बघा, असं सांगितलं. लोकांनी पदरचे पैसे, लाकूड आणि अंगमेहनत घालून ती उभी केली. तीच शाळा आज पेंब्रोक गावातलं राज्य विद्यापीठ आहे. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा ज्यांच्या गावांनी उभ्या केल्या त्यांना यातली ऊब वेगळी समजावून सांगायला नको.

पण शाळा मिळाली तशी तिसरी भिंतही उभी राहिली. सिनेमागृहात तीन वेगळ्या बसण्याच्या जागा झाल्या. पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा तीन. आणि 'आपल्या' शाळेत कुणाला घ्यायचं हे ठरवायला जमातीच्याच लोकांच्या समित्या बसू लागल्या. एखाद्या घरात चार पिढ्यांमागे काळा पूर्वज असल्याचा संशय आला तर पोर परत पाठवलं जायचं. लम्बी लोकांवर माझा जीव जडला आहे, तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'तू कुणापैकी?' या प्रश्नाने माणूस जवळ येतो, आणि तोच प्रश्न दारात उभा राहून विचारला की माणूस बाहेर राहतो. पाणवठ्यावर हा प्रश्न कसा विचारला जायचा हे महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

नावाचीही गंमत नव्हे, दुर्दशा झाली. 'क्रोएटन'चं गोऱ्यांनी 'क्रो' केलं आणि ती शिवी झाली. १९११ मध्ये नाव बदलून 'रॉबसन काउंटीचे इंडियन' झालं, १९१३ मध्ये 'रॉबसन काउंटीचे चेरोकी'. पुढे 'सू' भाषाकुळाचं नाव लावायचा प्रयत्न झाला. १९५३ मध्ये राज्याने आणि १९५६ मध्ये अमेरिकी संसदेने 'लम्बी' हे नाव मान्य केलं. ते त्यांनी आपल्या नदीवरून स्वतः घेतलं होतं. पण १९५६ च्या त्या कायद्यात एक वाक्य घातलेलं होतं, की या लोकांना इंडियन म्हणून मिळणाऱ्या कुठल्याही केंद्रीय सेवा यामुळे मिळणार नाहीत. नाव दिलं आणि नावाबरोबर येणारं सगळं त्याच कागदावर नाकारलं.

आता १९३६ ची गोष्ट. मला या सगळ्यात सर्वांत जास्त छळते ती हीच. १९३४ च्या एका कायद्याने, ज्यांच्यात निम्मं किंवा जास्त इंडियन रक्त आहे त्यांना काही सवलती देऊ केल्या होत्या. रक्त निम्मं आहे हे ठरवायचं कसं? वॉशिंग्टनहून कार्ल सेल्टझर नावाचा हार्वर्डचा मानवशास्त्रज्ञ पाठवला गेला. २०९ माणसं त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने डोक्याची, नाकाची मापं घेतली, कातडीचा रंग बघितला, केसांचा पोत बघितला, दात बघितले. शेवटी २०९ पैकी २२ जण निम्म्या रक्ताचे ठरले. आणि त्या निकालात सख्खी भावंडं वेगळी झाली. एकाच आईच्या पोटची, एका ताटात जेवलेली, त्यातलं एक इंडियन आणि दुसरं नाही.

दोन भावंडं त्या दिवशी घरी परत कशी गेली असतील हे मी पुष्कळदा मनात आणून बघतो. वाटेत काय बोलली असतील? आईला काय सांगितलं असेल?

हे शास्त्र नव्हतं, आणि तसं दाखवून देणारी एक मराठी बाई तोवर आपलं काम करून भारतात परतलीही होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशशुद्धीच्या ज्या विचारांतून पुढे नाझींचे कायदे निघाले, त्या विचारांचा हा मोठा माणूस. कवटीच्या दोन बाजूंमधला कमीजास्तपणा वंशानुसार बदलतो अशी त्याची समजूत होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काहीही संबंध दिसत नाही असं लिहिलं. परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्या माणसाला ते अप्रिय असताना लिहिलं. सेल्टझर रॉबसनमध्ये पोचला तो त्यानंतर. इकडे मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लीच्या नाकांच्या मापांचा हिशेब तपासला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त असलेल्या रिस्लीचा दावा होता, की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. उत्तरेतला एक पट्टा सोडला तर हे कुठेच जुळत नाही, हे घुर्यांनी त्याच्याच आकड्यांवरून दाखवलं. इरावतीबाईंनी पुढे महाराष्ट्रातल्या जातीजातींत हिंडून स्वतःही हजारो मापं घेतली. त्यातून त्यांना दिसलं ते हेच, की एका नावाखाली येणाऱ्या पोटजातीसुद्धा शरीराने एकमेकींच्या जवळ असतातच असं नाही. म्हणजे मापं घेणाऱ्यांनीच मापांचा फोलपणा उघड केला.

मापं गेली. पण परीक्षा गेली नाही, तिने फक्त कपडे बदलले.

काही वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर मी त्याच्या मुलीच्या जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीला गेलो होतो. सह्याद्रीतल्या एका आदिवासी जमातीतलं घर. आजोबा एस्टीत ड्रायव्हर झाले आणि बिऱ्हाड शहरात आलं, ते तिथलंच झालं. मुलीला वैद्यकीय प्रवेशासाठी वैधता हवी होती. तिच्या सख्ख्या चुलत भावाला ती आधीच मिळालेली होती. बाहेरच्या बाकावर बसून ती झेरॉक्स केलेला एक कागद पाठ करत होती. त्यावर प्रश्नोत्तरं टाइप केलेली. तुमचा कुळदेव कोणता? लग्नात हळद कोण लावतं? मर्तिकात दहाव्याला काय करतात? तुमच्या नाचाचं नाव काय? मधूनच ती बापाला विचारायची, "बाबा, हे आजीच्या गावाकडं असंच करतात का?" बाप गप्प राहायचा. त्यालाही सगळं माहीत नव्हतं. आपल्याच आजीचे देव ती मुलगी परक्याने टाइप केलेल्या कागदावरून घोकत होती, कारण आत बसलेला माणूस ते विचारणार होता, आणि चुकलं तर ती आपल्या आजीची नात ठरणार नव्हती.

वकील आणि अर्जदार याला 'ॲफिनिटी टेस्ट' म्हणतात, म्हणजे जमातीशी जवळीक तपासणारी चाचणी. खोटी प्रमाणपत्रं काढून आदिवासींच्या जागा लाटणारे खूप झाले, म्हणून हा बंदोबस्त आला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, ती अशाच एका प्रकरणातून. लाटणारे आजही आहेत आणि त्यांना हुडकलंच पाहिजे. पण शहरात वाढलेल्या तिसऱ्या पिढीला विधी विचारणं म्हणजे सेल्टझरची मोजपट्टीच दुसऱ्या हातात घेणं. तिथे केस कुरळे निघाले की रक्त कमी पडायचं, इथे देवाचं नाव विसरलं की जमात कमी पडते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सांगितलं, की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. आणि रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर वैधता मिळालेली असेल तर ती डावलायला भक्कम कारण लागतं, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० पासून सांगितलेलं आहे. एका घराला एकच निकाल, एवढी साधी गोष्ट सांगायला न्यायालयं लागावीत याचं मला वाईट वाटतं. त्या मुलीला दाखला मिळाला, पण प्रवेशाची मुदत संपल्यावर. एक वर्ष गेलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, की मग या चौकटीच पुसून टाका. वंश विचारू नका, जात विचारू नका. हे म्हणणं ऐकायला उदार वाटतं, आणि ते म्हणणारी पुष्कळ माणसं प्रामाणिक असतात. तरी ते चूक आहे, आणि त्याचा पुरावाही रॉबसनमध्येच आहे.

तिथे पूर्वी काउंटीचं एक शाळा मंडळ होतं आणि गावांची आपापली वेगळी मंडळं होती. गावांत गोरे जास्त. काउंटीच्या शाळांत लम्बी आणि काळी पोरं जास्त. गावातले मतदार आपलं मंडळ निवडायचे आणि शिवाय काउंटीच्या मंडळासाठीही मत द्यायचे, तिथे त्यांची पोरं शिकत नसतानाही. काउंटीतल्यांना मात्र गावांच्या मंडळात मत नव्हतं. अशा रीतीने ज्या शाळांत मुलं लम्बी आणि काळी, त्यांचा कारभार गोऱ्यांच्या हाती राहिला. लोक याला दुहेरी मतदान म्हणायचे. लम्बी स्त्रिया आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ही पद्धत मोडली. कुठल्या शाळेत कोण शिकतं आणि कुठल्या मतपेटीत कोण मत टाकतं, याचे वंशवार आकडे हाताशी नसते तर हा अन्याय न्यायाधीशांसमोर मांडता तरी कसा आला असता? नियमाच्या शब्दांत वंशाचा उल्लेखही नव्हता. नियम सगळ्यांना सारखाच दिसत होता.

म्हणून मोजणी हवी. आपल्याकडे १९३१ च्या आकड्यांवर ऐंशी-नव्वद वर्षं अंदाज बांधत आरक्षणाचे वाद लढवले गेले, ही काही भूषणाची गोष्ट नाही. आकडा नसला की ज्याचा आवाज मोठा त्याची संख्या मोठी ठरते. आवाज नसलेल्या छोट्या जाती, भटक्या जमाती, पालांवर राहणारी माणसं त्यात बुडतात.

मोजणी म्हणजे ऐकणं, आणि पडताळणी म्हणजे पुरावा बघणं. ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. अमेरिकेने हे हळूहळू शिकलं. १९६० च्या आधी गणनेचा माणूस वंश ठरवायचा, त्यानंतर माणूस स्वतः सांगू लागला, २००० पासून एकाहून जास्त चौकटींत खूण करता येऊ लागली. तिथे गेलेल्या मराठी माणसांनाही याचा अनुभव आहे. १९७० च्या गणनेत भारतीयांना गोऱ्यांत धरलं गेलं, आणि तिथल्या भारतीयांनी मागणी लावून धरल्यावर १९८० मध्ये त्यांची वेगळी चौकट झाली. माणसं तीच, दहा वर्षांत वंश बदलला. रॉबसनमधल्या कोंबड्यांच्या आणि शेजारच्या काउंटीतल्या डुकरांच्या कत्तलखान्यांत राबायला मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून जी माणसं आली, त्यांतली कित्येक तिथले मूळनिवासीच. त्यांना आतापर्यंत 'हिस्पॅनिक का?' हे वेगळं विचारायचे आणि वंश वेगळा, मग बहुतेक जण 'इतर' लिहून सुटायचे. २०२४ मध्ये नियम बदलले आणि दोन्ही प्रश्न एकत्र आले. हळू का होईना, फॉर्म माणसांकडे सरकतो आहे.

लम्बी लोकांना पूर्ण मान्यता देण्याला सर्वांत कडवा विरोध गोऱ्यांचा नव्हता, दुसऱ्या मूळनिवासी जमातींचा होता. त्याच राज्याच्या डोंगराळ पश्चिमेला राहणारे पूर्वेकडचे चेरोकी वर्षानुवर्षं म्हणत आले, की यांची भाषा नाही, तह नाही, वंशावळीचा नीट पुरावा नाही, हे आमच्या ताटात येणार. ज्यांनी हुसकावणं सोसलं, भाषा जपली, त्यांची ही भीती मी हलकी मानत नाही. आपल्याकडे धनगरांच्या मागणीवर आदिवासी संघटना उठतात तेव्हा त्यांच्या आवाजात हीच भीती असते, आणि यादीतला शब्द 'धनगर' की 'धनगड', म्हणजे 'र' की 'ड', यावर सगळा वाद फिरत राहतो. एका अक्षरावर लाखो लोकांचं भवितव्य टांगणीला लावणारी व्यवस्था दोघांचंही नुकसान करते. ताट तेवढंच ठेवून जेवणारे वाढवले की भांडण होणारच, आणि त्या भांडणात ताट वाढणाऱ्याकडे कुणी बघत नाही. एखाद्या समाजाचा दावा खरा की खोटा हे इतिहासाच्या कागदांनी, वस्तीच्या सलगतेने, सोयरिकींनी आणि त्याला काय सोसावं लागलं याने ठरवावं. ते काम सावकाश, उघडपणे आणि समाजाचं म्हणणं ऐकून व्हावं. पण तो निकाल पूर्ण समाजाचा असावा. त्याचं ओझं एकेका पोरीच्या पाठांतरावर टाकू नये.

आणि 'शुद्ध नाही' हा आक्षेप तर कुणीच घेऊ नये, कारण तो कुणाच्या तोंडात शोभतो हे रॉबसनने दाखवलं आहे. जानेवारी १९५८ मध्ये कू क्लक्स क्लॅनने, म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत घालणाऱ्या संघटनेने, लम्बी लोकांना मिश्र रक्ताचे म्हणून हिणवत धाक बसवायचं ठरवलं. आधी दोन ठिकाणी जळते क्रॉस लावले, एक गोऱ्या माणसाशी संबंध ठेवणाऱ्या लम्बी बाईच्या घराजवळ, दुसरा गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलेल्या लम्बी कुटुंबासमोर. मग १८ जानेवारीच्या रात्री मॅक्स्टनजवळच्या हेझ तळ्याकाठी मेळावा जाहीर केला. क्लॅनचे पन्नासेक जण आले. एकच विजेचा दिवा लावलेला. अंधारातून पाचशेच्या आसपास लम्बी पुरुष बंदुका घेऊन चालत आले, त्यातले कित्येक दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले. दिवा फुटला, हवेत बार झाले, आणि क्लॅनवाले झाडीत पळाले. त्यांचा म्होरक्या बायकोला गाडीत तसंच सोडून पळाला. कुणाचाही जीव गेला नाही. क्लॅनचा झेंडा अंगाभोवती गुंडाळून हसणाऱ्या दोन लम्बी माणसांचा फोटो देशभर छापून आला. वॉशिंग्टनच्या कार्यालयांनी ज्यांना अर्धवट इंडियन ठरवलं, त्यांना क्लॅनने मात्र बरोबर ओळखलं होतं. ज्याच्यावर जुलूम करायचा असतो त्याची जात जुलूम करणाऱ्याला कधी तपासावी लागत नाही. पुरावा लागतो तो हक्क देताना.

पूर्ण केंद्रीय मान्यता लम्बी लोकांना अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मिळाली. १८८८ मध्ये त्यांनी पहिल्यांदा वॉशिंग्टनकडे अर्ज केला होता. पन्नास हजारांहून जास्त लोकांची ही जमात. दरवर्षी चार जुलैच्या सुमारास पेंब्रोकला त्यांचा मोठा मेळा भरतो, दूरदूरच्या शहरांत कामाला गेलेली पोरं परत येतात. आपल्या गावच्या जत्रेला मुंबईकर येतात तशी. तळलेल्या मक्याच्या दोन भाकऱ्यांमध्ये कॉलर्ड नावाची हिरवी पालेभाजी आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून विकत असतात. भाजी आफ्रिकी गुलामांच्या स्वयंपाकातून दक्षिणेत रुजली, मका मूळनिवासींचा, तळायची रीत सगळ्यांची. ती त्या लोकांची खूण आहे, आणि तिच्यातल्या कुठल्या घासात किती रक्त हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे २०११ साली जी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तिच्यात लोकांनी सांगितलेल्या जाती-पोटजातींच्या नावांची संख्या ४६ लाख भरली, असं केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. १९३१ मध्ये ती ४,१४७ होती. त्यामुळे ही माहिती वापरण्याजोगी नाही असा निष्कर्ष काढला गेला. मला हा निष्कर्ष पटत नाही. लोकांनी कुणी आडनाव सांगितलं, कुणी कूळ, कुणी गावाकडचं नाव, कुणी पोटजात. ऐकणाऱ्याने ते कानाला आलं तसं टिपलं. त्या ढिगात चुका आहेतच, पण लोक स्वतःला काय म्हणवतात याचा एवढा मोठा साठा दुसरा नाही. तो निवडायला भाषा जाणणारी, गावोगावच्या सोयरिकी जाणणारी माणसं हवी होती. ती बसवली गेली नाहीत.

२०२७ च्या फेब्रुवारीत शिक्षक आणि कर्मचारी टॅब्लेट, मोबाइल घेऊन दारोदार जातील. या वेळी पडद्यावर बहुधा नावांची यादी असेल, तिच्यातलं एक निवडायचं असेल. त्या यादीत आपलं नाव आहे की नाही हे पारध्यांच्या पालावर, कातकऱ्यांच्या वाडीवर, ऊसतोडीच्या तळावर आधी कळलं पाहिजे. ग्रामसभेत ती वाचून दाखवा, वाडीवर चिकटवा, वगळलेली नावं घालून घ्या. फेब्रुवारी हा तोडीचा हंगाम असतो, अर्धी कुटुंबं गावात नसतात, हेही आत्ताच लक्षात घ्या. आणि दारात उभ्या राहिलेल्या गुरुजींना प्रशिक्षणात एवढं नक्की सांगा, की म्हातारीने सांगितलेलं नाव यादीत सापडलं नाही तर जवळचं वाटेल ते निवडू नका. तिला पुन्हा विचारा, तिच्या लेकाला विचारा, आणि ती म्हणेल तसं, तिच्याच उच्चारात लिहून घ्या.